शकूताईंच्या दीर्घिका

जयपूरला बदली झाल्यावर जवाहर नगरमध्ये जागा बघायला गेले, तेव्हा घरमालकीण मला पहिल्यांदा दिसली ती फक्त मानेपासून खाली. फाटकाशी एक भरघोस मिशांचे गृहस्थ गुलाबाच्या फांद्या छाटत होते. मी हिंदीत विचारायला सुरुवात केली, तर माझे उच्चार ऐकूनच ते मराठीत म्हणाले, "मॅडम गच्चीवर आहेत. जा की वर."

गच्चीवर नोव्हेंबरातलं कोवळं ऊन पसरलं होतं. मधोमध एक टेबल, टेबलावर कूलरचं रिकामं खोकं आडवं ठेवलेलं, आणि खुर्चीवर बसलेल्या, जांभळी सुती साडी नेसलेल्या एका बाईंचं डोकं पूर्णपणे त्या खोक्यात गेलेलं. मी खाकरले. खोक्यातून आवाज आला, "थांबा, आलोच. एवढी एक रेष बघतो आणि आलो."

आवाज बाईचा होता, क्रियापद पुरुषाचं होतं. आत आणखी कोणी आहे की काय, म्हणून मी वाकून पाहिलं. आत एक लॅपटॉप होता आणि शकूताई होत्या. उन्हात पडद्यावरचं काही दिसत नाही आणि थंडीत घरातली फरशी बर्फासारखी होते, म्हणून पाठीला ऊन आणि डोक्याला अंधार अशी ही सोय त्यांनी स्वतः केली होती.

डॉ. शकुंतला माने मूळच्या कागलच्या. कोल्हापूरकडच्या बायका 'मी आलो, मी गेलो' म्हणतात हे मी ऐकून होते. त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आल्यावर नाशिकच्या माझ्या कानांना त्याची सवय व्हायला महिना लागला. शकूताईंनी मात्र ती पद्धत राजस्थानात येऊन हिंदीलाही लावली होती. भाजीवाल्याला त्या गच्चीवरून ओरडून सांगत, "रुको भैया, मैं आता हूँ." भाजीवाला निमूट थांबे. पलीकडच्या घरात नव्यानं आलेल्या शर्माबाईंनी एकदा फोनवर त्यांचं बोलणं ऐकून मला हळूच विचारलं होतं, "वो मेजर साहब की आवाज़ इतनी पतली कैसे है?"

मेजर साहब म्हणजे गुलाब छाटणारे ते गृहस्थ. सैन्यातून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांची शेवटची नेमणूक जयपूरची होती आणि तोवर शकूताईंना इथल्या मुलींच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवण्याची कायमची नोकरी लागली होती, म्हणून दोघं इथंच राहिली. लग्न लवकर झालेलं. बदल्यांच्या गावी जिथं कॉलेज असेल तिथं शकूताईंनी एकेक वर्ष गोळा करत शिक्षण पुरं केलं आणि पीएच.डी. केली ती चाळिशी उलटल्यावर. "मी सीमेवर पहारा दिला," सुभेदारसाहेब सांगत, "ही सीमेच्या पलीकडं बघत बसली. एवढ्या पलीकडं, की तिथं शत्रूच नाही."

त्या काय बघत, हे मला समजायला वेळ लागला. विश्व अगदी लहान वयात असताना ज्या पहिल्या दीर्घिका तयार झाल्या, म्हणजे ताऱ्यांची पहिली मोठी गावं, त्यांत तारे कसे आणि किती झपाट्यानं जन्मत होते, हा शकूताईंचा विषय. तिथून निघालेला प्रकाश इथं पोचेपर्यंत मधल्या काळात आपला सूर्य जन्मला, पृथ्वी झाली, आपण झालो. अवकाशात सोडलेली मोठी दुर्बीण तो क्षीण प्रकाश पकडते आणि लोलकातून ऊन उलगडावं तसा तो रंगारंगांत उलगडते. त्या उलगडलेल्या पट्टीला म्हणायचं वर्णपट. वर्णपटात ठरावीक जागी उजळ रेषा येतात. कुठली रेषा हायड्रोजनची, कुठली ऑक्सिजनची, ती आपल्या जागेवरून किती सरकली आणि किती उंच आहे, यावरून दीर्घिका किती दूरची आणि तिथं तारे किती वेगानं जन्मताहेत हे कळतं. जगभर विखुरलेल्या एका गटात शकूताई हे काम करत. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर तर सकाळ-दुपार तेच.

मी एकदा म्हटलं, "दुर्बिणीतून इतके सुंदर फोटो येतात, त्यावरून नाही का कळत?"

त्या मटार सोलत होत्या. हातातली शेंग माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "फोटो बघून पोरगी पसंत करशील? समोर बसव, बोलती कर. फोटो दिसतो ग, वर्णपट बोलतो."

हे वाक्य त्या कशालाही लावत. माझ्या भाच्यासाठी स्थळ आलं तेव्हा लावलं, निवडणुकीच्या फलकांना लावलं, शर्माबाईंनी ऑनलाइन मागवलेल्या सोफ्यालाही लावलं. सोफा आला तेव्हा तो खरोखरच फोटोपेक्षा बराच लहान निघाला.

पहिल्याच संक्रांतीला त्यांनी हळदीकुंकू केलं. जयपुरात त्या दिवशी अख्खं शहर गच्चीवर असतं. पतंग, भोंगे, आपल्या तिळाच्या वडीसारख्या गजकचे तुकडे. इथल्या आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या बायका काळ्या साड्या नेसून आल्या, शेजारच्या राजस्थानी बायकाही आल्या. तिळगूळ झाला, अत्तर झालं. वाण म्हणून शकूताईंनी प्रत्येकीच्या हातात पुठ्ठ्याची एकेक डबी ठेवली. औषधाच्या खोक्यांना चिरा पाडून, आत जुन्या सीडीचे तुकडे चिकटवून त्यांनी आणि सुभेदारसाहेबांनी त्या बनवल्या होत्या.

"सूर्याकडं कुणी बघायचं नाही," त्यांनी आधी दरडावलं. "डोळे जातील. आत चला सगळ्याजणी, ट्यूबलाइट लावतो."

मग दिवाणखान्यात भर दुपारी पडदे ओढून वीसेक बायका एका ट्यूबलाइटकडं डब्या रोखून उभ्या राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "अगंबाई, हिरवी रेघ." कोणी म्हणालं, "मला जांभळी दिसतेय." मग त्यांनी सगळ्यांना स्वयंपाकघरात नेलं, गॅस पेटवला आणि निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ टाकलं. ज्योत भडक पिवळी झाली आणि डब्यांमध्ये एक झळझळीत पिवळी रेघ उमटली.

"ही मिठाची सही," शकूताई म्हणाल्या. "मतलब मिठातल्या सोडियमची. इथं टाका नाहीतर कुठल्या ताऱ्यात टाका, सही हीच. हिची नक्कल कुणाला करता येत नाही."

शर्माबाईंच्या सासूबाईंनी तीन-तीनदा मीठ टाकायला लावलं. शेवटी सुभेदारसाहेबांनी बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. पुढं कित्येक दिवस गल्लीतल्या बायका दिव्याखाली डबी डोळ्याला लावून उभ्या दिसत, आणि नवा माणूस त्यांना वळून वळून बघे.

पुढच्या वर्षी ती दीर्घिका आली. आली म्हणजे दुर्बिणीच्या छायाचित्रांत शकूताईंना एक लाल ठिपका सापडला. एकेका रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या गाळण्यांपैकी कुठल्या गाळणीतून दिसतो आणि कुठल्या गाळणीतून नाहीसा होतो, यावरून तो कमालीचा दूरचा वाटत होता. इतका, की आजवर सापडलेल्या सगळ्या दीर्घिका त्याच्या अलीकडच्या ठराव्यात. गटानं तसा अंदाज जाहीर केला. 'अंदाज' हा शब्द शकूताईंनी हट्टानं लेखाच्या शीर्षकात घातला होता. पण इथल्या एका हिंदी वर्तमानपत्राच्या बातमीदाराला अंदाजात रस नव्हता. त्यानं मोठ्या अक्षरांत छापलं की जयपूरच्या प्राध्यापिकेनं ब्रह्मांडाचं टोक शोधून काढलं. सोबत शकूताईंचा फोटो, गुलाबांजवळ उभं करून काढलेला.

मग काय, फोन. आमच्या मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका, विमा कंपनीतून निवृत्त झालेले उत्साही गृहस्थ, पेढे घेऊन घरी आले आणि गणेशोत्सवात सत्कार करायचं ठरवून गेले.

"वर्णपट यायचाय अजून," शकूताई त्यांना सांगत होत्या.

"येईल हो, येईल," कुलकर्णीकाका म्हणाले. एखादं पार्सल यावं तसं.

वर्णपटासाठी दुर्बिणीचा वेळ मिळाला होता. त्या यंत्रात बारीक बारीक झडपा असतात; ज्या दीर्घिकेचा प्रकाश हवा तिच्यापुरती झडप खिडकीसारखी उघडायची. कुणासाठी कुठली खिडकी उघडायची यावर गटाची बैठक एका सकाळी लॅपटॉपवर चालली होती आणि मी चहाचा कप घेऊन शेजारी होते. लाल ठिपक्याला मानाची खिडकी मिळाली. कोपऱ्यातली एक खिडकी मात्र रिकामी जात होती. शकूताईंनी तिथं एक अगदी फिकट, कुणी न बघितलेला ठिपका सुचवला. पडद्यावरचा एक तरुण इंग्रजीत म्हणाला की त्यातून काही हाती लागणार नाही. शकूताई म्हणाल्या, "खिडकी उघडीच आहे, तर बसू दे बिचारीला." हे त्या मराठीतच म्हणाल्या. मग भानावर येऊन त्यांनी इंग्रजीत कारणं दिली आणि तो ठिपका यादीत गेला.

सत्काराच्या आदल्या दिवशी वर्णपट आला.

रविवार होता. मी खाली गेले तर शकूताई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि सुभेदारसाहेब त्यांच्या खुर्चीमागं अगदी ताठ उभे होते. पडद्यावर वर्णपटाचा आलेख होता, एक वेडीवाकडी रेघ. शकूताईंनी पाणी मागितलं, प्यायल्या, पुन्हा पडद्याकडं बघितलं. 

"काय झालं?" मी विचारलं.

"धूळ," त्या म्हणाल्या.

मला काही कळलं नाही. मग त्यांनीच सावकाश सांगितलं. प्रकाश लाल दिसायला कारणं दोन. एक, दीर्घिका फार दूर असणं. दुसरं, तिच्यात धूळ असणं. ही दीर्घिका बरीच अलीकडची होती, धुळीनं भरलेली, आणि तिच्या रेषा नेमक्या अशा जागी पडल्या होत्या की फोटोतल्या गाळण्या फसाव्यात. टोकबिक काही नव्हतं.

"मे महिन्यात धुळीची आंधी येते, तेव्हा सूर्य लालभडक दिसतो की नाही?" त्या म्हणाल्या. "तो काय लांब गेलेला असतो? इतकी वर्षं जयपुरात राहून मला धूळ ओळखता आली नाही ग."  सुभेदारसाहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मी उठून जावं की बसावं ते न कळून तशीच बसले.

मग सुभेदारसाहेब म्हणाले, "कुलकर्ण्यांना फोन करतो. तब्येत बरी नाही म्हणून सांगतो."

"तब्येतीला काय धाड भरलीय?" शकूताई म्हणाल्या. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडं वाकल्या. वाकल्या त्या वाकल्याच. थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण बोलली बघा कशी स्वच्छ. एकेक रेष जागच्या जागी. अहो, घेवर मिळतंय का बघा कुठं. खरं कळलं की तोंड गोड करायचं असतं."

घेवराचा हंगाम सरत आला होता, तरी सुभेदारसाहेब स्कूटर काढून दोन दुकानं फिरले आणि घेऊन आले. आम्ही तिघांनी ते खाल्लं. तोपर्यंत शकूताईंनी गटाला कळवून टाकलं होतं. त्यांच्यापैकी एकाचं म्हणणं होतं की फार गाजावाजा न करता विषय सोडून द्यावा. शकूताईंनी उत्तर धाडलं की अंदाज चुकला हे सांगणारा लेख रीतसर लिहायचा, आणि ठिपका त्यांनी निवडला होता म्हणून त्या लेखावर पहिलं नाव त्यांचं राहील.

दुसऱ्या दिवशी मंडपात स्टेजमागं भला मोठा फलक होता : विश्वातील सर्वांत दूरची दीर्घिका शोधणाऱ्या डॉ. शकुंतला माने यांचा सत्कार. मुलांचे नाच झाले, कुलकर्णीकाकांचं भाषण झालं. काका शाल उलगडून पुढं आले, तेव्हा शकूताई म्हणाल्या, "शाल जरा थांबू दे. आधी माइक द्या."

 माझ्या शेजारी सुभेदारसाहेब परेडला उभे असल्यासारखे समोर बघत होते.

"फलक सुंदर झालाय," शकूताईंनी सुरुवात केली. "त्यात फक्त एक 'न' राहिला. न शोधणाऱ्या, असं पाहिजे."

लोकांना वाटलं, विनोद आहे. थोडे हसले. मग त्यांनी सगळं सांगितलं; ठिपका, गाळण्या, धूळ, आंधीतला सूर्य.  कुलकर्णीकाका शाल दोन्ही हातांत धरून तसेच उभे. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी न राहवून विचारलं, "अहो, मग आता काय?"

"आता काय म्हणजे? काल ती लांबची आहे असं मला वाटत होतं. आज ती कुठं आहे हे मला ठाऊक आहे. मिळालं की गेलं, तुम्हीच सांगा."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. काकांनी घाईघाईनं शाल घालून टाकली आणि शकूताईंनी ती घालून घेतली. नंतर प्रसादाच्या रांगेत लोक त्यांना धुळीबद्दल विचारत होते. आधीच्या बातमीबद्दल त्यांना इतकं कुणी विचारलं नव्हतं.

वर्तमानपत्रवाल्यांचं प्रकरण जास्त अवघड गेलं. चुकीची दुरुस्ती छापत नाहीत, असं बातमीदारानं फोनवर सांगितलं. शकूताई स्कूटरवरून थेट कचेरीत गेल्या आणि "मैं यहीं बैठता हूँ" असं जाहीर करून संपादकाच्या दाराशी बसल्या. चार ओळी छापून आल्या, शोकसंदेशांच्या शेजारी. त्यांना ती जागा फार आवडली.

थंडी पडली आणि खोकं पुन्हा गच्चीवर आलं. कोपऱ्यातल्या खिडकीतला तो फिकट ठिपका इतके दिवस तसाच पडून होता. गटातल्या इतरांना त्यात रस नव्हता. शकूताईंनी तो हळूहळू सोडवायला घेतला. प्रकाशात मिसळलेला यंत्राचा गोंगाट बाजूला कर, पुन्हा बघ, मोजमाप पुन्हा कर. एका सुट्टीच्या दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते, तेव्हा खोक्यातून हाक आली, "अनघा, इकडं ये. डोकं घाल."

मी डोकं घातलं. आत आम्ही दोघी, गालाला गाल लावून. पडद्यावर एक थरथरती रेघ होती आणि तीत काही टेकड्या.

"ही ऑक्सिजनची जोडी. हा हायड्रोजन. हा अजून एक. चारी चार ठिकाणी जुळतायत. मी तीनदा बघितलं." त्या कुजबुजत होत्या, जणू मोठ्यानं बोललं तर टेकड्या पळतील. "ही खरंच लांबची आहे. धूळ जवळपास नाहीच. आणि तारे कसले जन्मतायत, अगं, बाळंतपणाचा अख्खा वॉर्ड आहे हा. एवढंसं गाव, आणि घराघरात पाळणा."

"मग हा ऑक्सिजन कुठून आला?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

शकूताईंनी खोक्यातून डोकं बाहेर काढलं. उन्हात डोळे किलकिले करून त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तेच," त्या म्हणाल्या. "सुरुवातीला ऑक्सिजन नव्हताच. तो ताऱ्यांच्या पोटात तयार होतो. तो आहे, मतलब यांच्याही आधी एक पिढी जन्मली, जगली आणि गेली. एवढ्या लवकर. कोण होते ते, कुणाला दिसले नाहीत. त्यांनी मागं ठेवलेलं तेवढं दिसतंय."

सुभेदारसाहेब चहा घेऊन वर आले. त्यांनी एकदा पडद्याकडं, एकदा बायकोच्या तोंडाकडं बघितलं. "या वेळी धूळ नाही ना?"

"नाही हो."

त्यांनी चहाचे कप कठड्यावर ठेवले आणि शकूताईंना कडक सलाम ठोकला. शकूताई लाजल्या. साठीच्या बाईला तशी लाजलेली मी दुसरी पाहिली नाही.

या वेळी त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. गटातल्या दोघांनी स्वतंत्रपणे मोजमाप केलं, तेच उत्तर आलं, लेख लिहून झाला, तपासून छापला गेला, तोवर होळी उलटली होती. खिडकी वाया जाईल म्हणणाऱ्या त्या तरुणानंच पडद्यावर सगळ्यांसमोर शकूताईंचं अभिनंदन केलं. बातमीदाराचा फोन आला तेव्हा त्यांनी त्याला गच्चीवर बोलावून खोक्यात डोकं घालायला लावलं आणि रेषा ओळखता आल्याशिवाय बाहेर येऊ दिलं नाही. बातमी बरी छापून आली.

त्याच उन्हाळ्यात माझी नाशिकला बदली झाली. गाडी दुर्गापुरा स्टेशनवरून पकडायची होती. दोघंही सोडायला आली. सुभेदारसाहेबांनी माझं सामान डब्यात नीट रचलं, मटणाचा डबा सीटखाली सांडणार नाही असा ठेवला, आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. शकूताई कुठं दिसेनात.

त्या जरा मागं, बाकाजवळ होत्या. केशरी ओढणी घेतलेली एक म्हातारी खेड्यातली बाई गाठोड्यावर बसली होती. तिनं बहुधा सहज विचारलं असावं की काय करता, आणि शकूताईंनी सहज सांगायला सुरुवात केली असावी. फलाटावर गलका होता, तरी त्यांचा आवाज माझ्यापर्यंत येत होता; तारे असे जळतात, तसे जळतात. म्हातारी हनुवटीखाली हात धरून ऐकत होती. मग तिनं विचारलं, "जलते हैं, तो राख कहाँ जाती है?"

शकूताई थबकल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी त्या बाईकडं असं बघितलं, की जणू जन्मभर कुणी हे विचारावं म्हणून त्या थांबल्या होत्या. गाडी हलली. सुभेदारसाहेब हात हलवू लागले. मी "शकूताई" म्हणून हाक मारली. त्यांनी वळून बघितलं, हातही वर केला, पण म्हातारीनं त्यांचा पदर ओढून पुढचं काही विचारलं असावं. वर केलेला हात तसाच ठेवून त्या खाली वाकल्या आणि गाठोड्याच्या उरलेल्या कोपऱ्यावर तिच्याशेजारी बसल्या.